शून्य ते शंभर, आणि मधे आई

साहेब, तुम्ही चोर आहात असं कुणी म्हणणार नाही. चोराला निदान माल कुठं ठेवला हे ठाऊक असतं. तुम्ही भर दुपारी, सही-शिक्क्यासह, एका साध्या रस्त्यावरचे तीन गतिरोधक उपटून नेलेत, आणि ते कुठं आहेत असं विचारलं की तुमचं कार्यालय म्हणतं, 'माहिती संकलित करण्यात येत आहे.' (एक कक्षप्रमुखांच्या दाराला टेकण म्हणून लावलाय. दुसऱ्यावर कूलर उभा आहे. तिसऱ्यावर मापक पाय ठेवून बसतो. झालं संकलन.)

आता हे सगळं रीतसर सांगायला हवं, म्हणजे तुमच्या कार्यालयालाही कळेल.

आपण किती जोरात निघालो हे जो समाज शतांश सेकंदापर्यंत सांगू शकतो, त्याला आपण कुठं निघालो हे सांगण्याची गरज उरत नाही. हे तत्त्व वरपासून खालपर्यंत सर्वांना पटलेलं आहे. खालच्यांना विचारलं नव्हतं, पण पटलेलं आहे. याच तत्त्वातून 'दमदार वाहन त्वरण तुलना व निष्कर्ष कक्ष' जन्माला आला. त्वरण म्हणजे रस्त्यावरची माणसं ज्याला पिकअप म्हणतात ते. कक्षात कुणी 'पिकअप' म्हटलं, की तो फायलीवर शिंकला असावा तसे लोक त्याच्याकडं बघत.

कक्षापुढं प्रश्न एकच होता, आणि तो सर्वोच्च साहेबांनी जातीनं विचारला होता: बॅटरीवरची दमदार एसयूव्ही शंभराचा वेग आधी गाठते, की पेट्रोलवरची? साहेबांना नवी गाडी घ्यायची होती. घर ते कार्यालय सहा किलोमीटर, वाटेत तेवीस सिग्नल, लागणारा वेळ बेचाळीस मिनिटं. चार सेकंदांत शंभर गाठणारी गाडी घेतली तर हा वेळ एकेचाळीस मिनिटं बावन्न सेकंदांवर येईल, असा कक्षाचा प्राथमिक अंदाज होता. वाचलेल्या आठ सेकंदांत साहेब काय करणार, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. (उरलेल्या दिवसात ते काय करतात, हे तरी कुणाला माहीत होतं?)

कक्षात प्रत्यक्ष काम करणारा माणूस एकच होता. बाकीचे अकराजण तो काम करतोय यावर लक्ष ठेवत. त्याचं पद 'मापक'. वय एक्कावन्न, गळ्यात दोरीनं अडकवलेलं स्टॉपवॉच, आणि मनात एकच अभिमान: सत्तावीस वर्षांत त्याच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. दूध किती वेळात उतू जातं, लिफ्टचं दार किती वेळ उघडं राहतं, कक्षप्रमुख 'दोन मिनिटांत आलोच' म्हणून गेले की किती मिनिटांनी उगवतात (सरासरी एकसष्ट), सगळं त्याच्या वहीत होतं. माणूस सरळ. इतका सरळ, की पहिल्याच वळणावर गोत्यात येणार हे कुणीही सांगितलं असतं.

घरात तो आणि आई, दोघंच. आई एकोणऐंशीची, गुडघे कामातून गेलेले, जीभ शाबूत. चार पायांचा वॉकर पुढं सरकवत ती रोज चार वाजता रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत धाकट्या बहिणीकडं जायची. दोघी रमी खेळायच्या, भांडायच्या, 'उद्यापासून तुझं तोंड बघणार नाही' असं ठरायचं, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता आई निघायची. सव्वीस वर्षांत खाडा नाही. तेवढे दीड-दोन तास काढून घेतले, तर तिच्या दिवसात उरायचं ते छत आणि पंखा.

त्या रस्त्यावर गाड्या पूर्वीपासूनच सुसाट. म्हणून आईनं गतिरोधक मागितले. सहा वर्षं मागितले. एकेचाळीस अर्ज केले. पंधरावा अर्ज हरवला, सोळावा पंधराव्याची प्रत जोडली नाही म्हणून परत आला, आणि तिसाव्या अर्जावर 'खड्डे असल्याने गतिरोधकाची आवश्यकता नाही' असा शेरा पडला. मग आईनं आधी खड्डे बुजवून घेतले. रस्ता गुळगुळीत झाला, आणि एकेचाळिसाव्या अर्जावर काळ्या-पिवळ्या रबराचे, बोल्ट मारलेले तीन गतिरोधक बसले. त्या दिवशी आई रस्त्याच्या मधोमध मुद्दाम थांबून पदरानं घाम पुसत उभी राहिली होती. गाड्या वाट बघत होत्या. असा मान तिला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

आता कक्षाची अडचण बघा. त्वरण मोजायला चारशे मीटर सरळ, सपाट रस्ता लागतो. कक्षाच्या हद्दीत रस्ते दोनशे बारा. त्यातले एकशे चाळीस खड्ड्यांमुळं बाद, एक्कावन्न वाकडे, वीस खोदून ठेवलेले. (का खोदले, हे खोदणाऱ्यांना विचारलं. त्यांनी आधीच्या खोदणाऱ्यांकडं बोट दाखवलं.) उरला एक. आईचा. तिनं भांडून सपाट करून घेतला म्हणूनच तो साहेबांच्या डोळ्यात भरला.

स्थळ योग्यतेचा नमुना मापकानंच भरला. 'अडथळे' या रकान्यात त्यानं लिहिलं: गतिरोधक, तीन. पुढं रकाना होता, 'काढता येण्याजोगे: होय / नाही.' बोल्टचे होते, म्हणजे काढता येण्याजोगे होते. त्यानं 'होय'वर खूण केली. खरं तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीस मिनिटांत तिन्ही निघाले. आदेशात शब्द होता 'तात्पुरते', आणि वाक्य होतं, 'तुलना पूर्ण होताच पूर्ववत बसवण्यात येतील.'

संध्याकाळी आई दारातच उभी होती.

"सोन्या, आपले स्पीडब्रेकर कुणी नेले?"

"तात्पुरते काढलेत, आई. तुलना झाली की परत बसवणार आहेत."

"कसली तुलना?"

"बॅटरीची एसयूव्ही जोरात सुटते की पेट्रोलची, याची."

"आणि ते कळल्यावर?"

मापकानं प्रामाणिकपणे विचार केला. हा प्रश्न नमुन्यात नव्हता. "कळल्यावर... कळेल," तो म्हणाला.

"काढायच्या कागदावर सही कुणाची आहे?"

मापक चहा गाळायला लागला. गाळण्यात चहा नव्हता.

"तुझी?"

"रकाना होता, आई."

"रकाना होता म्हणून! उद्या रकाना दिसला तर मलाही उपटशील."

पहिली चाचणी एका सोमवारी झाली. सिग्नलपाशी दोन्ही गाड्या शेजारी उभ्या. पेट्रोलची लाल, उभ्या उभ्या घशात खाकरणारी. बॅटरीची पांढरी, परीक्षेत सगळं येत असलेल्या मुलीसारखी गप्प. प्रत्येक गाडीसोबत कंपनीचा एकेक प्रतिनिधी होता. त्यांची नावं कक्षानं कधी विचारली नाहीत. एक पेट्रोलवाला, एक बॅटरीवाला. दोघांचे बूट मात्र सारखेच चकचकीत होते.

इथं या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. बाहेरच्या माणसाला ती सांगितली की त्याला आपली थट्टा चाललीय असं वाटतं. गाडी जागची हलते तेव्हा घड्याळ सुरू करत नाहीत. ती एक फूट सरकली की मग करतात. पहिला फूट मोजायचाच नाही. शर्यतीच्या पट्ट्यावर प्रकाशाच्या किरणातून चाक बाहेर पडायला तेवढं अंतर जायचं, त्यातून पडलेली ही सवय. आता किरण असो वा नसो, जाहिरातीच्या आकड्यातून दोन-तीन दशांश सेकंद गळतात आणि सगळ्यांचं भलं होतं. जागचं हलणं हीच सर्वांत अवघड गोष्ट असते. ती मोजली नाही, की पुढचं सगळं कसं झपाट्यानं होतं. (कक्षाच्या वार्षिक प्रगती अहवालातही हीच रीत पाळली जाते.)

पहिल्या फुटाचा नियम मापकाला पाठ होता. किंबहुना कक्षाच्या नियमावलीत तो घातला त्यानंच.

निकाल लागला. बॅटरी ३.९ सेकंद, पेट्रोल ४.३. चारशे मीटरचं अंतर बॅटरीच्या गाडीनं १२.४ सेकंदांत कापलं. मापकानं आकडे लिहिले, खाली रेघ मारली आणि पुसटसं हसला. तुलना संपली होती. उद्या गतिरोधक परत बसणार होते.

"हरकत आहे," पेट्रोलवाला म्हणाला.

त्याचं म्हणणं असं, की बॅटरी शंभर टक्के भरलेली होती. "भरल्या पोटानं कुणीही बढाया मारील. तीस टक्क्यांवर पळवून दाखवा." हरकत मंजूर. पुढच्या चाचणीत बॅटरी तीस टक्क्यांवर, ती हरली, आणि बॅटरीवाल्याची हरकत आली: पेट्रोलवाल्यानं एसी बंद ठेवला होता. मंजूर. मग ड्रायव्हरच्या वजनाचं निघालं. पेट्रोलचा ड्रायव्हर चौऱ्याण्णव किलो, बॅटरीचा अठ्ठावन्न. फरक भरून काढायला बॅटरीच्या ड्रायव्हरशेजारी छत्तीस किलो सिमेंटचं पोतं बसवलं. गाडी इतक्या जोरात सुटली की पोतं फाटलं, आणि ड्रायव्हर पलीकडं उतरला तेव्हा पुतळ्यासारखा दिसत होता. पुतळ्याच्या बाजूनंही हरकत आली. बत्तिसाव्या फेरीला आवाजाची हरकत आली. पेट्रोलची गाडी डरकाळते म्हणून बघणाऱ्याला ती जास्त जोरात वाटते, हा अन्याय आहे. उपाय म्हणून बॅटरीच्या गाडीला भोंगे लावून डरकाळीचं रेकॉर्डिंग वाजवण्यात आलं. मग डरकाळी एक सेकंद उशिरा सुरू झाली म्हणून हरकत आली. ती कुणाची होती, हे आता कुणालाच आठवत नाही.

सात महिन्यांत अठ्ठावन्न फेऱ्या झाल्या. दोन्ही पक्ष खूश होते. हरलेल्याला पुढची फेरी मिळायची आणि जिंकलेल्याला जाहिरात. कक्षप्रमुखांना मुदतवाढ मिळत होती. तुलना पूर्ण होऊ नये, हे कुणीही ठरवलं नव्हतं. फक्त ती पूर्ण व्हावी असं वाटणारा माणूस कुठल्याच समितीवर नव्हता.

इकडं रस्ता मोकळा आहे ही बातमी पसरली. ज्याच्या त्याच्या बुडाखाली जी गाडी होती, ती घेऊन तो आला. शून्य ते शंभर आपलीही मोजून बघावी म्हणून. मापकाच्या वहीत या काळातली नोंद अशी: मांजरं दोन, सायकलवाल्याचं मनगट एक, दाताच्या डॉक्टरची पाटी, दोनदा, औषधाच्या दुकानाची पायरी, अर्धी.

आणि आई घरात. चार वाजता ती फाटकापर्यंत यायची, वॉकरचे पुढचे दोन पाय रस्त्यावर ठेवायची, काहीतरी सूं करून नाकासमोरून जायचं, आणि ती पाय परत घ्यायची. मग बहिणी फोनवरून रमी खेळायला लागल्या. दोघींकडं पत्त्यांचा आपापला कॅट.

"ताई, माझी रमी लागली. चौकटची राणी आली."

"चौकटची राणी माझ्या हातात आहे, भवाने."

"माझ्याही आहे."

"मग दोघींपैकी एक खोटारडी आहे, आणि ती मी नाही."

आठवड्याभरात तो खेळ बंद पडला. आई छताकडं बघू लागली. पंख्याला तीन पाती आहेत, हे तिनं मापकाला दोनदा सांगितलं. मापकानं तेही वहीत लिहिलं.

आईनं बेचाळिसावा अर्ज केला. मजकूर दोन ओळींचा: 'तुमची तुलना तुम्हाला लखलाभ. माझे गतिरोधक द्या. मला बहिणीकडं जायचंय.'

कक्षानं अर्जाची गंभीर दखल घेतली. (गंभीर दखल म्हणजे फाइलीला लाल दोरी.) गतिरोधकांविना रस्ता ओलांडणं सुरक्षित आहे की नाही, हे शास्त्रोक्त तपासायचं ठरलं. सर्वांत वेगवान गाडी सिग्नलपासून आईच्या फाटकासमोर १२.४ सेकंदांत पोचते. अर्जदार बाई त्याहून कमी वेळात पलीकडं पोचत असतील, तर प्रश्नच मिटला. मोजणार कोण? मापक.

रविवारी रस्ता दहा मिनिटं बंद करून मापकानं आईला मोजलं. तिनं फाटकापासून वॉकर उचलला तेव्हा त्यानं बटण दाबलं, ती समोरच्या फुटपाथवर चढली तेव्हा पुन्हा दाबलं. १९.३ सेकंद. गाडी १२.४. आता शेंबडं पोरसुद्धा सांगेल की गतिरोधक हवेत. सुटल्यासारखा श्वास घेत मापक कार्यालयात गेला आणि आकडा भरायला नमुना मागितला.

कक्षाकडं नमुना एकच होता. त्वरणाचा.

त्यानं भरायला सुरुवात केली. एकूण वेळ १९.३. वजा पहिला फूट. आईचा पहिला फूट म्हणजे फाटकाच्या उंबऱ्यावरून वॉकर खाली ठेवणं, एक पाय, मग देवाचं नाव, मग दुसरा पाय: ६.१ सेकंद. नियमानं मोजायचे नाहीत. उरले १३.२. वजा भार. कंपन्यांच्या गाड्या रिकाम्या पळवतात, आणि आईच्या पिशवीत पत्ते, चष्मा आणि बहिणीसाठी डबा होता: ०.६. वजा समोरचा वारा: ०.२. शिवाय गाडीच्या दहा धावा घेऊन सर्वोत्तम धरतात. आईनं एकच दिली होती आणि दुसरीसाठी विचारल्यावर वॉकर उगारला होता, म्हणून अपेक्षित सुधारणा: ०.३. बेरीज-वजाबाकी मापकानं दोनदा तपासली. एकही ओळ चुकीची नव्हती.

१२.१ सेकंद.

गाडी १२.४. आई तीन दशांश सेकंद आधी पोचत होती. 'अर्जदार सुरक्षित. गतिरोधकांची तूर्त आवश्यकता नाही.' सत्तावीस वर्षांच्या सवयीनं हात पुढं झाला आणि सही झाली. सही वाळायच्या आत मापकाला समजलं आपण काय केलं ते. पण तोवर कागद कक्षप्रमुखांच्या हातात होता, आणि कक्षप्रमुख म्हणत होते, "वा! आईंचं त्वरण उत्तम आहे हो."

घरी तो जेवला नाही. आईनं कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला.

"म्हणजे मी पास?"

"आई, पहिला फूट..."

"पहिला फूट मोजत नाहीत, कळलं. मग मी पहिल्याच फुटात गाडीखाली आले, तर मेले असं धरतात की नाही?"

मापक जमिनीकडं बघत म्हणाला, "अपघात रस्त्यावर झाला असं नाही धरत."

"मग कुठं झाला असं धरतात? हवेत?" आई हसायला लागली. हसता हसता खोकली, पाणी प्यायली, आणि कागदाची नीट चौकोनी घडी घालून तिनं पत्त्यांच्या डबीत ठेवली. "राहू दे. कामाला येईल."

एकोणसाठावी फेरी अंतिम असल्याचं जाहीर झालं होतं. (अशा अंतिम फेऱ्या आधी पाच झाल्या होत्या.) सर्वोच्च साहेब येणार म्हणून रस्त्याच्या कडेला चुना ओढला. साहेब आले नाहीत, सिग्नलवर अडकले. पण माणसांनी दोन्ही बाजूंच्या बाल्कन्या फुलून गेल्या होत्या. माणसं मोबाइल उभे धरून होती. वरून एकजण ओरडला, "पेट्रोल! पेट्रोल!" समोरच्या बाल्कनीतून उत्तर आलं, "घासलेट!" खूप हशा पिकला. चार वाजले.

सिग्नल हिरवा झाला. दोन्ही गाड्या सुटल्या. त्या अर्ध्या वाटेवर आल्या, आणि आईनं फाटकातून वॉकर बाहेर काढला.

मापकाच्या हातातलं स्टॉपवॉच चालू होतं, पण त्याला आकडा दिसेना. लाल गाडीची डरकाळी वाढत होती, पांढरी तिच्या पुढं होती, आणि आई पहिल्या फुटावर होती. एक पाय. देवाचं नाव. मापक ओरडला; काय ओरडला ते त्याला स्वतःलाही कळलं नाही. बहुधा "रकाना!" असंच काहीतरी. दोन्ही ड्रायव्हरांनी ब्रेकवर उभं राहून गाड्या थांबवल्या. लाल गाडी आईपासून नऊ मीटरवर थांबली, पांढरी सहावर. रबर जळल्याचा वास सुटला. आईनं शांतपणे दुसरा पाय खाली ठेवला.

"ती लाल बरी," ती म्हणाली. "येतेय म्हणून सांगते तरी. ही पांढरी मेली मांजरासारखी येते."

पलीकडून मावशी निघाली होती. तिच्यामागं औषधाचा दुकानदार एक घडीचं टेबल आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन. दोनच मागितल्या होत्या, पण चारही एकमेकींत अडकल्या होत्या आणि त्या सुटतील तोवर दुकानदाराला दम नव्हता. रस्त्याच्या बरोब्बर मधोमध टेबल मांडलं गेलं. दोघी बसल्या. आईनं पत्ते पिसले.

कक्षप्रमुख धावत आले. "आजी, हा चाचणीमार्ग आहे!"

"असू द्या की. करा चाचणी. आमची काय हरकत?"

"तुम्ही मधे बसलाय!"

"छे. मी पलीकडं पोचले." आईनं पत्त्यांच्या डबीतून घडी काढली. "बारा पॉइंट एक सेकंदात. तुमच्याच कक्षाचा कागद आहे, सही माझ्या मुलाची आहे, शिक्का तुमचा. आता सव्वाचार झाले. इथं तुम्हाला जी दिसतेय ती मी असणं शक्य नाही. धाकटे, पान टाक."

कक्षप्रमुखांनी कागद वाचला. शिक्का खरा होता. नोंदीनुसार जी व्यक्ती जागेवर नाही तिला जागेवरून उठवण्याची तरतूद नियमावलीत नव्हती. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. 'अडथळे' हा रकाना. मापकाला हाक मारून ते म्हणाले, "भरा. अडथळे: दोन. काढता येण्याजोगे: होय की नाही?"

मापकानं पेन घेतलं. टेबलाखाली वाकून बघितलं. आईच्या पायात स्लीपर होत्या. बोल्ट नव्हते.

त्यानं 'नाही'वर खूण केली.

बाल्कन्यांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी वरून फुलं टाकली, ती कुंडीसकट आली. मापकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण कक्षाला कमी लेखू नका. तासाभरात जागेवरच आदेश निघाला. 'सदर रस्त्यावर सजीव गतिरोधक, नग दोन, कार्यान्वित असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब रबरी गतिरोधक पुनश्च बसवण्याची मागणी निकाली काढण्यात येत आहे. नग दोन जोवर जागेवर आहेत तोवर वाहतूक नियंत्रित राहील. नग उठल्यास मार्ग अडथळामुक्त समजून चाचण्या पुढे चालू राहतील.' पेट्रोलवाल्यानं आणि बॅटरीवाल्यानं आदेशाचं स्वागत केलं. दोघांनी गाड्या सिग्नलपाशी मागं नेल्या आणि वाट बघत उभे राहिले. ते थकणार नव्हते. त्यांच्याकडं ड्रायव्हर पाळीवर होते.

आईनं आदेश वाचला, आणि पत्ते पुन्हा पिसायला घेतले.

सहा वाजता मावशीला हुडहुडी भरली. दुकानदारानं ताप बघितला: एकशे एक. "ताई, मला घरी जाऊ दे ग," ती म्हणाली. मापक तिला हाताला धरून वर सोडून आला. खाली येऊन बघतो तर आई एकटी टेबलाशी, आणि सिग्नलपाशी लाल गाडी खाकरायला लागलेली. नग एक. आदेशात दोन होते.

आईनं मान वर केली. दोन्ही बाजूंच्या मिळून अठ्ठेचाळीस बाल्कन्या. सगळ्या भरलेल्या. मघापासून टाळ्या वाजवून हात लाल झालेली माणसं.

"अहो," ती मोठ्यानं म्हणाली, "माझे गुडघे दुखतात. आठ वाजता मला उठावं लागेल. दोघं-तिघं खाली या ना. तासतासभर बसायचं फक्त. पत्ते माझे, खुर्च्या आहेत. आळीपाळीनं बसलो तर दिवसात एकेका घराची एकच पाळी येईल. मग देतील ते आपले स्पीडब्रेकर, कंटाळून देतील."

मापकाचं बोट सवयीनं बटणावर गेलं. टाळ्या थांबल्या. मोबाइल खाली गेले. दारं सरकली, कड्या लागल्या, पडदे ओढले गेले. शेवटचा पडदा बंद झाला तेव्हा त्यानं घड्याळ थांबवलं आणि आकडा बघितला. भरलेल्या ते रिकाम्या, अठ्ठेचाळीस बाल्कन्या: २.८ सेकंद. पहिला फूटसुद्धा धरून. बॅटरीच्या गाडीहून एक पूर्णांक एक दशांश सेकंद आधी. कक्षाच्या इतिहासात इतकं उत्तम त्वरण नोंदलं गेलेलं नाही, आणि त्यावर आजतागायत कुणाची हरकत आलेली नाही.

मापकानं घड्याळ गळ्यातून काढून कक्षप्रमुखांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "अहो, ड्यूटी संपली नाही अजून." तो म्हणाला, "माहीत आहे," आणि आईसमोरच्या खुर्चीत बसला. त्याला रमी येत नव्हती. आईनं त्याला तेरा पानं वाटली आणि म्हणाली, "आधी लावून घे रे नीट. मूर्खासारखा हातातली पानं दाखवू नकोस."

नग दोन झाले. लाल गाडी गप्प झाली.

आता सात वाजून गेलेत. आठला आई उठणार. तिला उठावंच लागेल, कारण माणसाला बोल्ट मारता येत नाहीत, आणि एकट्या मापकावर आदेश भागत नाही. टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. बॅटरीची जिंकली की पेट्रोलची, हे कळावं म्हणून तुम्ही इथवर वाचत आलात, हे ठाऊक आहे. त्याचा निकाल साठाव्या फेरीत लागेल. रस्ता मोकळा झाला, की. पडद्याची फट बंद करू नका, तुमचा दिवा दिसतोय. कितव्या मजल्यावर राहता ते विचारत नाही, आणि गुडघे दुखतात, उद्या लवकर उठायचंय, पत्ते येत नाहीत, हेही सगळं खरं धरतो.

खाली येताय का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.